दहा शेतकऱ्यांची लिमिटेड कंपनी



शहरांतल्या कोणत्याही रस्त्यानें चाललें असतां कचेऱ्यांच्या पाट्यांवर शेवटीं ‘लि.’ हें अक्षर दिसतें. औषधाच्या बाटलीवर, साबणाच्या वेष्टनावर, बिस्किटांच्या पुड्यावर तें असतेंच. नित्य डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूविषयीं प्रश्न विचारण्याची माणसाला संवय नसते. त्यामुळें ह्या ‘लिमिटेड’मध्यें मर्यादित तें काय, भांडवल, धंदा, कीं नफा, असें घरांतल्या मुलानें एकाएकीं विचारलें, तर पदवीधर बापही क्षणभर थबकतो. उत्तर असें आहे कीं, मर्यादित असते ती भागधारकाची जबाबदारी. दोन मित्रांनीं भागीदारींत दुकान काढलें आणि तें बुडालें, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें दुकानाच्या सर्व देण्यास दोघेही जबाबदार असतात. धनको वाटेल त्या एकाला गांठून पुरी रक्कम मागूं शकतो, आणि दुकानांतला माल पुरला नाहीं तर राहत्या घरापर्यंत व शेतापर्यंत जप्ती येऊं शकते. कंपनीचें तसें नाहीं. ज्यानें हजार रुपयांचे भाग घेऊन त्यांचे पैसे भरले, त्याचे फार तर हजार रुपये जातात. त्याच्या उंबरठ्याच्या आंत कंपनीच्या धनकोला पाऊल टाकतां येत नाहीं.

हा भेद न्यायालयांनीं किती कसोशीनें पाळला हें दाखविणारा एक खटला विलायतेंत घडला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत आरन सॉलोमन नांवाचा बूट तयार करणारा एक कारखानदार होता. त्यानें आपला चालता धंदा एक कंपनी काढून तिला विकला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें सात सभासद लागत. हे सात म्हणजे तो स्वतः, त्याची बायको आणि पांच मुलें! थोड्याच काळांत कंपनी बुडाली. धनको म्हणाले, ही कंपनी म्हणजे दुसरें कोण, सॉलोमनच. त्यानेंच आमचें देणें द्यावें. खालच्या न्यायालयांनीं त्यांचें म्हणणें उचलून धरलें. परंतु १८९६ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निर्णय दिला कीं, कागदपत्रें विधिपूर्वक नोंदलीं गेलीं त्याच क्षणीं कंपनी ही सॉलोमनहून निराळी व्यक्ति झाली. तिचीं देणीं तिचीं आणि त्याचीं त्याचीं. म्हणजे नवी व्यक्ति जन्माला घालण्याचें सामर्थ्य कागदांत आहे. तेव्हां त्या कागदांवर काय लिहिलें आहे हें न पाहतां सही करणाऱ्या माणसाला काय म्हणावें?

आपल्या देशांत कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० सालीं झाला. मर्यादित जबाबदारीची सोय मात्र १८५७ सालीं आली, आणि बँकांना ती १८६० पासून मिळाली. लगोलग अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईंत कापसाचा पैसा पावसासारखा पडूं लागला, आणि ह्या सोयीचा जेवढा दुरुपयोग करतां येईल तेवढा लोकांनीं करून पाहिला. कागदावरच जन्मलेल्या कंपन्यांचे भाग चढत्या भावानें विकले गेले आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच सारा डोलारा कोसळला. ह्याच्या उलट उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. औंध संस्थानांतील माळरानावर त्यांनीं १९१० सालीं कारखाना उभा केला, लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हातीं दिला, आणि १९२० सालीं धंद्याची लिमिटेड कंपनी केली. आधीं काम आणि मग कंपनी, हा तो क्रम.

आज ज्या गांवाच्या निमित्तानें हा विषय निघाला आहे तें येरमाळा. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यांतलें, धुळे-सोलापूर हमरस्त्यावरचें हें गांव बाहेरच्या जगाला येडेश्वरी देवीमुळें ठाऊक आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला अफाट गर्दी लोटते आणि शेतांतून चुनखडीचे खडे वेचण्याची तेथील प्रथा भाविक निष्ठेनें पाळतात. यात्रा सरली कीं गांव पुन्हा आपल्या पिकांकडे वळतें: पावसाळ्यांत सोयाबीन, तूर, उडीद, मागाहून हरभरा व ज्वारी. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता; ब्रिटिश हिंदुस्थानांतला १९१३ चा कंपनी कायदा तेथें चालत नसे, संस्थानाचा कायदा निराळा होता. योगायोग असा कीं, १९५६ च्या एप्रिलांत स्वतंत्र भारताचा कंपनी कायदा अमलांत आला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मराठवाडा मुंबई राज्यांत आला.

अशा गांवांतल्या शेतकऱ्यानें कंपनी काढावी हें ऐकून शहरांतला माणूस हंसेल. पण शेतकऱ्याची अडचण पाहिली म्हणजे हंसूं मावळतें. पांच पोतीं सोयाबीन घेऊन एकटा माणूस आडतींत गेला, म्हणजे भाव कोण सांगतो आणि कोण ऐकतो हें सांगावयास नको. ओलावा किती, माती किती, घट किती, हें सर्व दुसऱ्यानें ठरवावयाचें. हीच पोतीं तीनशें घरांचीं एकत्र झालीं, गांवांतच चाळलीं, वाळविलीं आणि लातूरच्या बाजारांत किंवा थेट तेलाच्या गिरणींत गेलीं, तर बोलण्याचा सूर बदलतो. सहकारी संस्था हा एक मार्ग होताच. पण कित्येक ठिकाणीं तीवर राजकारणाचें ओझें पडलें, प्रशासक आले, निवडणुका लांबल्या. म्हणून अर्थशास्त्रज्ञ य. क. अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २००२ सालीं कंपनी कायद्यांत दुरुस्ती होऊन ‘उत्पादक कंपनी’ हा नवा प्रकार निघाला व २००३ च्या फेब्रुवारीपासून अमलांत आला. २०१३ च्या नव्या कायद्यांतही २०२० च्या दुरुस्तीनें त्याला स्वतंत्र प्रकरण मिळालें. नाशिक जिल्ह्यांत मोहाडी येथें विलास शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उभी केलेली सह्याद्रि फार्मर्स प्रोड्यूसर कंपनी ही ह्याच जातीची. द्राक्षें आणि टोमॅटो घेऊन ती परदेशच्या बाजारांत पोंचली. केंद्र सरकारनें २०२० सालीं अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना जाहीर केली, आणि मैदानी प्रदेशांत मदतीसाठीं किमान तीनशें सभासदांची अट घातली.

ह्या कंपनीचा मूळ नियम मोठा गोड आहे. भाग कोणी दहा घेवो कीं हजार, वैयक्तिक सभासदाला मत एकच. भाग बाहेरच्या माणसाला विकतां येत नाहींत. त्यामुळें एखाद्या धनिकानें गुपचूप भाग गोळा करून कंपनी गिळावी, असें होऊं शकत नाहीं. सुरुवातीस दहा उत्पादक पुरतात. संचालक पांचांहून कमी व पंधरांहून अधिक नसावेत.

तर समजा, येरमाळ्याच्या दहा जणांनीं ठरविलें. प्रथम त्यांना वाटतें कीं, अवघड काम म्हणजे पैसे जमविणें. तें नव्हे. पैसे थोडेच लागतात: दहा रुपयांचा एक याप्रमाणें प्रत्येकानें शंभर भाग घेतले तर माणशीं हजार, एकूण दहा हजार रुपये. कंपनीचें ‘अधिकृत भांडवल’ दहा लाख लिहिलें तरी तेवढे पैसे कोणी आणून द्यावयाचे नसतात. तो आंकडा म्हणजे कंपनीला जास्तींत जास्त किती किंमतीचे भाग काढतां येतील त्याची वेस. २०१९ पासून पंधरा लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलावर केंद्राचें नोंदणी-शुल्कही घेत नाहींत. राज्याचें मुद्रांक-शुल्क तेवढें द्यावें लागतें. खरी अडचण निघते ती नांवांची.

आधार-पत्रावर ‘बाबुराव’, पॅन-पत्रावर ‘बाबू’ आणि सात-बाराच्या उताऱ्यावर अजून आजोबा! तिन्ही ठिकाणीं एकच माणूस आहे हें सारा गांव जाणतो, पण संगणक गांवचा नाहीं. संचालकाला अंकीय सही लागते, ती आधार व पॅन जुळल्याशिवाय निघत नाहीं. उत्पादक असल्याचा पुरावा म्हणून व्यवहारांत सात-बाराचा उतारा किंवा तत्सम दाखला मागतात, आणि वडील वारून वीस वर्षें झालीं तरी वारसाची नोंद करून घ्यावयाची राहून गेलेली असते. मग तलाठ्याकडे अर्ज, नोटीस, फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. कंपनीच्या कामासाठीं निघालेला माणूस प्रथम आपल्या घरचा दोन पिढ्यांचा पसारा आवरूं लागतो. हें एका परीनें चांगलेंच. पण ह्यांत महिने जातात, आणि दहांपैकीं दोघे तेवढ्यांत कंटाळून बाहेर पडतात.

बायकांची अडचण ह्याहून निराळी. खुरपणी, काढणी, जनावरांचें वैरणपाणी त्यांनीं करावयाचें, आणि कागद निघाला कीं, “आमच्या नांवावर रान नाहीं” म्हणून मागें बसावयाचें. येथें कायदा लोकांच्या समजुतीपेक्षां उदार आहे, आणि ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कायद्याच्या व्याख्येप्रमाणें उत्पादक म्हणजे जमिनीचा मालक नव्हे. प्राथमिक उत्पादनाशीं संबंध असलेलें कोणतेंही काम करणारा तो उत्पादक. शेतीबरोबर पशुपालन, मधमाशा पाळणें, हातमाग, हस्तकला हीं सर्व त्यांत येतात. दोन म्हशींचें दूध काढून विकणारी बाई ही पुरती उत्पादक आहे. तिच्या कामाचा योग्य दाखला मिळविला पाहिजे, एवढेंच. ज्या दहांच्या यादींत दहाही पुरुष असतात, त्या यादीचा दोष कायद्याकडे नाहीं.

नांव ठरविणें त्या मानानें सोपें. देवीचें नांव द्यावें असें सर्वांच्या मनांत येणार; पण तें दुसऱ्या एखाद्या नोंदलेल्या कंपनीशीं फार जुळतें असेल तर नामंजूर होतें, म्हणून दोन नांवें सुचवावीं. शेवटीं ‘प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द असलेच पाहिजेत. मंजूर झालेलें नांव वीस दिवस राखून ठेवतात. तेवढ्यांत बाकीचे कागद तयार हवेत. कार्यालयासाठीं दोन महिन्यांहून जुनें नसलेलें विजेचें बिल आणि घरमालकाचें संमतिपत्र लागतें. बिल बहुधा वारलेल्या वडिलांच्या नांवावर असतें, आणि पुन्हा तेंच पुराण सुरू होतें.

आतां दोन मुख्य दस्तऐवज. एक घटनापत्र, ज्याला मेमोरँडम म्हणतात, आणि दुसरें नियमपत्र, म्हणजे आर्टिकल्स. घटनापत्र कंपनीचें जगाशीं असलेलें नातें सांगतें: नांव काय, कार्यालय कोणत्या राज्यांत, कोणतीं कामें करावयाचीं, जबाबदारी मर्यादित आहे कीं नाहीं, भांडवल किती. नियमपत्र घरांतला कारभार सांगतें: सभासद कोणाला करावयाचें, कोणाला काढावयाचें, संचालक किती वर्षांसाठीं, नफा कसा वांटावयाचा. तालुक्याच्या गांवीं तयार मसुदा मिळतो. त्यांत नांव आणि पत्ता घातला कीं काम झालें, असें सल्लागार सांगतो. ह्या तयार मसुद्यानें जेवढें नुकसान केलें असेल तेवढें अवर्षणानें केलें नसेल, असें म्हणण्याचा मोह होतो. जो सभासद आपला माल सतत बाहेर विकतो त्याचें काय करावयाचें? चढा भाव मिळाला कीं माल व्यापाऱ्याला आणि पडता भाव आला कीं कंपनीला, अशी वृत्ति माणसांत असतेच. हें कलम आपल्या गांवचीं माणसें ओळखून लिहावें लागतें. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या ऊसवाल्यांसाठीं लिहिलेला मसुदा सोयाबीनवाल्यांच्या भांडणांत उपयोगी पडत नाहीं.

सही करणाऱ्यांपैकीं एखाद्याला अक्षरओळख नसेल तर? २०१४ च्या नियमांत ह्याची तरतूद आहे, आणि ती वाचून समाधान वाटतें. त्यानें अंगठा उठवावा. त्याच्या वतीनें लिहिणाऱ्यानें शेजारीं त्याचें नांव व त्यानें घेतलेल्या भागांची संख्या लिहावी. आणि दोन्ही दस्तऐवज त्याला वाचून दाखवून, समजावून सांगून, तसें केल्याचें लिहून खालीं सही करावी. ही तरतूद अंगठेबहाद्दरासाठीं आहे. पण प्रत्यक्षांत ज्याला वाचतां येतें तोच न वाचतां सही करून मोकळा होतो. कोणा गटानें चावडीवर बसून नियमपत्र मोठ्यानें वाचून काढलें, तर त्यांतलीं निम्मीं कलमें तेथल्या तेथें बदलावीं लागतील.

हे सर्व कागद आतां घरबसल्या संगणकावरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे जातात. ‘स्पाइस प्लस’ नांवाच्या एकाच अर्जांत नांव, नोंदणी, संचालकांचे क्रमांक, कंपनीचा पॅन हीं सर्व कामें होतात. दोष नसला तर नोंदणीचा दाखला येतो. त्यावर एकवीस अक्षरांकांचा एक क्रमांक असतो. त्यांतलीं ‘एमएच’ हीं दोन अक्षरें महाराष्ट्राचीं आणि चार अंक जन्मवर्षाचे. पेढे वांटले जातात. पेढे खाऊन झाल्यावर जें सुरू होतें त्याची कल्पना फार थोड्यांना असते.

तीस दिवसांत संचालक-मंडळाची पहिली सभा आणि हिशेबतपासनिसाची नेमणूक. दोन महिन्यांत भागपत्रें. नव्वद दिवसांत पहिली वार्षिक साधारण सभा. एकशें ऐंशीं दिवसांत, प्रत्येकानें आपल्या भागांचे पैसे भरले आहेत असें प्रतिज्ञापत्र. तें चुकलें तर कंपनीला पन्नास हजारांचा दंड. प्रत्येक सभासदानें तीन महिन्यांत आपला वारस नेमून द्यावयाचा. पूर्ण वेळचा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो, आणि तो सभासदांपैकीं नसावा अशी अट आहे. म्हणजे गटांतला जो हुशार पदवीधर ह्या कामासाठीं सर्वांच्या मनांत असतो, त्याला स्वतः सभासद होतां येत नाहीं. कार्यालयाबाहेर कंपनीच्या नांवाची पाटी लागते, आणि ती स्थानिक लिपींतही असावी असें कायदा सांगतो, ही एक आनंदाची बाब.

अंकीय सहीची लहानशी किल्ली येते. पांच संचालकांच्या पांच किल्ल्या पुष्कळदां सल्लागाराच्या खणांत, एका रबरी पट्ट्यांत बांधून पडलेल्या असतात. सोयीचें असतें खरें. पण कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून तो दुसऱ्याच्या घरीं ठेवावा, तशीच ही गोष्ट. कंपनीच्या नांवानें काय काय दाखल झालें हें मग संचालकाला दुसऱ्याच्या तोंडून कळतें.

त्याहून मोठा धोका बँकेंत असतो. गोदामासाठीं किंवा चाळणीच्या यंत्रासाठीं कर्ज काढावयाचें म्हटलें कीं बँक संचालकांची वैयक्तिक जामीनकी मागते. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यांत तो एक कागद असतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें जामिनाची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीएवढीच असते. ज्या मर्यादेसाठीं एवढा खटाटोप केला, ती मर्यादा त्या एका सहीनें त्या माणसापुरती नाहींशी होते, आणि हजार रुपयांचा भागधारक आपल्या रानासकट उभा राहतो. ही सही करूं नये असें नाहीं. कधीं कधीं ती केल्याशिवाय काम पुढें जात नाहीं. पण ती कोणीं करावी, किती रकमेपुरती करावी, आणि बाकीच्या सभासदांनीं त्याच्या पाठीशीं कसें उभें राहावें, हें आधीं ठरवून सभेच्या वृत्तांतांत लिहून ठेवावें. घरीं बायकोला सांगून करावी, हेंही सांगितलें पाहिजे. कारण जप्तीची नोटीस तिच्याच हातांत येते.

वर्षाअखेर दोन विवरणपत्रें जातात: एक हिशेबाचें, दुसरें सभासद व संचालकांचें, सभेनंतर साठ दिवसांत. उशीर झाला तर प्रत्येकीं रोज शंभर रुपये. एक वर्ष दुर्लक्ष झालें तर दोन्ही मिळून त्र्याहत्तर हजार रुपये होतात. तीनशें सभासदांनीं हजार-हजार घालून जमविलेले तीन लाख. त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा एक गोणीही न विकतां गेला! ओळीनें तीन वर्षें हीं पत्रें गेलीं नाहींत तर संचालकाला पांच वर्षें कोणत्याही कंपनीचें संचालक होतां येत नाहीं. २०१७ सालीं मंत्रालयानें दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदवहींतून काढून टाकल्या आणि सुमारें तीन लाख संचालक अपात्र ठरविले. सहकारी संस्थेंत उठसूट हात घालणारा निबंधक असतो अशी तक्रार होती; कंपनींत तो नसतो, पण मग झोपलेल्याला उठविणाराही कोणी नसतो.

आणि ही वार्षिक सभा भरावयाची तरी कधीं? आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतें. हिशेब आवरावयाचे त्या सुमारासच चैत्री यात्रेची गडबड. तपासणी होऊन सभा सर्वसाधारणपणें सप्टेंबर अखेरच्या आंत घ्यावी लागते. चौदा दिवस आधीं लेखी नोटीस द्यावयाची, आणि गणसंख्या एकूण सभासदांच्या एक-चतुर्थांश. तीनशेंच्या कंपनींत पंचाहत्तर माणसें प्रत्यक्ष येऊन बसलीं पाहिजेत. सप्टेंबरच्या शेवटीं येरमाळ्याच्या शिवारांत सोयाबीन काढणीला आलेलें असतें, आभाळाचा भरंवसा नसतो, मजूर मिळत नाहींत. म्हणून जाणते लोक सभा पोळ्याच्या आसपास, काढणीच्या आधींच, संध्याकाळीं घेतात. आणि नोटीस देतांना घरांतल्या ज्या माणसाच्या नांवावर भाग आहे, तें माणूस बाई असली तरी, नोटीस तिच्याच हातांत देऊन पोंचपावती घेतात.